विनोद शिकता येतो का? (कोजागिरीच्या निवेदनासाठी मदत हवी आहे)

मोगरी_वर्तकनगर

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीत कोजागिरीला गच्चीवर कार्यक्रम असतो. गाणी, लहान मुलांचे नाच, मग आटवलेलं दूध. निवेदन माझ्याकडे असतं. दोन कार्यक्रमांच्या मध्ये पुढची मुलं तयार होईपर्यंत माईकवर काहीतरी हलकंफुलकं बोलायचं, आणि तिथेच घोडं अडतं. व्हॉट्सॲपवरचा विनोद सांगायला घेतला की पहिल्याच ओळीला पुढच्या रांगेतलं कुणीतरी शेवट सांगून मोकळं होतं.

यंदा मला आमच्याच इमारतीवर, स्वतः लिहिलेलं सांगायचं आहे. पण लिहायला बसलं की निबंध तयार होतो. जेवताना कुणी सहज एक वाक्य बोलतं, सगळे खो खो हसतात, आणि तेच वाक्य दुसऱ्या दिवशी शेजारी सांगितलं तर कुणी हसत नाही. असं का होतं?

तर प्रश्न दोन. माणूस नक्की कशाला हसतो? आणि विनोद रचणं शिकता येतं, की ते उपजतच असावं लागतं?

एक नमुना देते:

"आपल्या सोसायटीची लिफ्ट वारंवार बंद पडते. मागे ती आठवडाभर बंद होती तेव्हा सगळ्यांना जिने चढावे लागले आणि फार त्रास झाला, पण त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांशी आपली ओळख झाली, हा एक फायदाच म्हणायचा."

---

खाडीकाठ

पहिला! खुर्ची टाकून बसतोय.

---

पाटीपेन्सिल

उपजतच असावं लागतं. कान नसलेल्याला गाणं शिकवता येत नाही, तसंच हे.

---

विंगेतला

पाटीपेन्सिल, पूर्ण असहमत. बरीच वर्षं नाटकांच्या बॅकस्टेजला काढली आहेत. गडकरी रंगायतन, घाणेकर, वाशीचं भावे, सगळीकडे विंगेत उभा राहून एकच वाक्य शेकडो वेळा ऐकलंय. पहिल्या प्रयोगाला जिथे शांतता होती, तिथे काही प्रयोगांनी सणसणीत लाफ्टर यायला लागतो. वाक्य तेच असतं. नटाने मधला एक शब्द गाळलेला असतो, किंवा वाक्याआधी श्वासभर थांबायला शिकलेला असतो. हे शिकणं नाही तर काय?

आता मोगरीताईंचा नमुना. कल्पना पक्की आहे, मांडणी सैल आहे. "फार त्रास झाला" हे सगळ्यांना माहीत आहे, काढा. "हा एक फायदाच म्हणायचा" हे तर विनोद होऊन गेल्यावर त्याची पाटी लावणं झालं, तेही काढा. राहिली ओळख झाल्याची गोष्ट. ती सरळ सांगू नका, ऐकणाऱ्याला स्वतः गाठू द्या.

आणखी एक. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ज्या शब्दावर लोक हसणार, त्याच्यामागे "आहे", "झालं", "म्हणायचं" असं शेपूट राहतं आणि लोक हसायला लागले तरी आपलं बोलणं चालूच असतं. म्हणून वाक्य तोडायचं:

"लिफ्ट आठवडाभर बंद होती. जिना चढताना मधे एक नवीनच गोष्ट लागली. (थांबा.) तिसरा मजला."

इथे तोंड बंद. हशा येऊ द्या. तो वर चढतो, टिकतो आणि उतरायला लागतो. उतरतीला लागला की पुढचं वाक्य. पूर्ण विझेपर्यंत थांबलात तर गच्ची थंड पडते, आणि चढतीवर बोललात तर पुढच्या वेळी लोक हसणं आवरतात, कारण त्यांना तुमचं वाक्य ऐकायचं असतं.

---

सुरंगी

"मधे एक नवीनच गोष्ट लागली. तिसरा मजला." हसून हसून पुरेवाट! ऑफिसात आवाज दाबून हसतेय.

---

मोगरी_वर्तकनगर

विंगेतला, काय बोलू! वाचून इतकं बरं वाटलं. क्रियापदाच्या शेपटाचं तर कधी लक्षातच आलं नव्हतं.

---

तर्कट_नेरूळ

पहिल्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही, म्हणून थोडं.

माणूस कशाला हसतो यावर एक जुनं उत्तर आहे की तो दुसऱ्याच्या कमीपणाला हसतो. इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज याने १६५१ साली हेच लिहिलं: दुसऱ्यातलं व्यंग दिसलं की आपण अचानक स्वतःला मोठे समजतो आणि हसू फुटतं. केळीच्या सालीवरून घसरलेला माणूस हे नेहमीचं उदाहरण.

जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९० मध्ये वेगळं सांगितलं. त्याच्या मते ताणलेली अपेक्षा एकाएकी शून्यात विरली की हसू येतं. गंमत अशी की त्यासाठी त्याने दिलेला विनोद आपल्या शेजारच्या सुरतेत घडतो. एका इंग्रजाच्या टेबलावर एक हिंदुस्थानी माणूस बसलाय. बिअरची बाटली उघडल्यावर सगळी बिअर फेस होऊन बाहेर येते, आणि हा थक्क. इंग्रज विचारतो, यात एवढं नवल कसलं? तो म्हणतो, "हे बाहेर येतंय त्याचं नाही, तुम्ही ते आत कसं भरलंत त्याचं नवल वाटतंय."

कांट पुढे मुद्दाम सांगतो की त्या माणसाला काही कळत नाही आणि आपण शहाणे, म्हणून आपण हसत नाही. आपण एका दिशेने उत्तराची वाट बघत असतो आणि ती वाटच नाहीशी होते, म्हणून हसतो. मोगरीताई, तुमच्या तिसऱ्या मजल्याचंही तेच झालं. जिन्यात "नवीन गोष्ट" म्हटल्यावर मनात उंदीर, गळती, कचरा असं काहीतरी येतं.

---

सुरंगी

पण तर्कट, त्या काळचे युरोपी वाचक सुरतेच्या माणसाला अडाणी समजूनच हसले असणार ना? कांटने नाही म्हणून काय झालं?

आणि मला विचाराल तर तो माणूस मुळीच अडाणी नाही. त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. एवढासा फेस नव्हे, अख्खी बाटली फेस झालेली आहे! त्याने उलटीकडून पाहिलं, बस. मला तर विनोद त्याच्या बाजूने आहे असं वाटलं.

---

तर्कट_नेरूळ

सुरंगी, हे आवडलं. म्हणजे एकाच विनोदाला दोन माणसं दोन कारणांनी हसू शकतात. ऐकणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं.

---

चौथी_सीट

एवढं खोल जायची गरज नाही. सकाळची ठाणे फास्ट पकडा. आमच्या ग्रुपमध्ये मुलुंड यायच्या आत पहिला हशा झालेला असतो. काय बोललो ते घरी जाऊन सांगितलं तर घरचे म्हणतात, यात हसण्यासारखं काय आहे?

बाकी माझ्या नावाचा विनोद ग्रुपमध्येच जन्मला: चौथ्या सीटवरचा माणूस बसलेला नसतो, त्याला फक्त बसल्यासारखं वाटत असतं.

---

खाडीकाठ

हाहाहा! कळवा ते भायखळा हाच अनुभव. +१००

---

कोथरूडकर_काका

चौथी सीट म्हणजे काय? आमच्याकडे लोकल अशी नाही.

---

चौथी_सीट

काका, सेकंड क्लासचं बाक तिघांसाठी असतं. तिघे थोडे सरकतात आणि चौथा कडेला टेकतो. त्याचा अर्धा भाग हवेत असतो.

---

कोथरूडकर_काका

समजलं. पण आता हसू आलं नाही.

---

विंगेतला

काकांनी धाग्याला मोठीच मदत केली. विनोद कळायला लागणारी माहिती ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून हवी. विनोदाच्या नंतर दिली तर उपयोग नाही. मोगरीताई, तुमच्या गच्चीवर भाडेकरू, पाहुणे, नव्याने आलेली कुटुंबं असणार. लिफ्ट सगळ्यांना माहीत आहे. पण "मागच्या सभेतला तो विषय" बसलेल्यातल्या अर्ध्यांनाच माहीत असेल. त्यावर काही सांगायचं असेल तर दहा मिनिटं आधी सहज बोलल्यासारखी माहिती पेरून ठेवा.

---

हिरवा_खडू

मी जीवशास्त्र शिकवते. मोगरी, तुमच्या जेवणाच्या टेबलाच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांच्या कामात आहे. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळा सोडून बाजारात, फुटपाथवर, कॉलेजच्या आवारात चोरून कान दिला आणि हसण्याचे १२०० प्रसंग टिपले. हसण्याच्या लगेच आधी जे बोललं गेलं त्यातलं जेमतेम १० ते २० टक्के विनोदासारखं होतं. बाकीचं "चल, भेटू मग" छापाचं. शिवाय ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त हसतो. आणि एकटं असताना जेवढं हसतो त्याच्या सुमारे ३० पट माणसांत असताना हसतो. म्हणजे चौथी_सीट यांचा ग्रुप विनोदाला कमी आणि एकमेकांना जास्त हसतो. टेबलावरचं वाक्य शेजारी नेलं तेव्हा वाक्य गेलं, टेबल घरीच राहिलं.

आणि अपेक्षेबद्दल. स्वतःला गुदगुल्या करून बघा, होत नाहीत. लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांनी १९९८च्या सुमारास यावर प्रयोग केले. आपला हात कुठे लागणार याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो (यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो) आणि तो स्पर्श फिका करतो. त्यांनी यंत्र मध्ये घालून स्वतःच्याच हाताचा स्पर्श किंचित उशिरा पोचवला, तर गुदगुल्या वाढल्या! व्हॉट्सॲपचा विनोद गच्चीवर का मरतो ते यावरून थोडं समजतं. मेंदू आधीच तिथे जाऊन बसलेला असतो.

जाता जाता, याक पँकसेप या मेंदूशास्त्रज्ञांनी उंदरांना गुदगुल्या केल्या तेव्हा ते ५० किलोहर्ट्झच्या आसपास चिवचिवले. आपला कान २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकतो, म्हणून आपल्याला पत्ता नव्हता. हसण्यासारखं काहीतरी विनोदाच्या, भाषेच्या फार फार आधीचं आहे. मला ही गोष्ट वर्गात सांगताना दर वेळी आनंद होतो.

---

उपवनकाठचे_आजोबा

हिरवा खडू, तुम्ही माझ्या मनातलं लिहिलंत. आम्ही सकाळी उपवनला तलावाकाठी जमतो आणि विनोदाशिवाय हसतो. येणारेजाणारे बघतात, बघू देत.

डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईच्या एका बागेत हास्यक्लब सुरू केला तेव्हा पाच जण होते. सुरुवातीला एकेकाने पुढे येऊन विनोद सांगायचा आणि बाकीच्यांनी हसायचं, अशी पद्धत होती. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले. मग चावट आणि टोचणारे सुरू झाले, लोक नाराज झाले. तेव्हा डॉक्टरांनी विनोदच काढून टाकला. हसण्याची नुसती कृती करायची, एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं. खोटं हसू मिनिटभरात खरं होतं, हा माझा रोजचा अनुभव आहे. पत्नी गेल्यानंतर मी इथे यायला लागलो. अधिक काही सांगत नाही.

---

सुरंगी

आजोबा _/\_

---

पाटीपेन्सिल

आजोबांबद्दल आदर आहे. पण ते हसणं म्हणजे व्यायाम झाला. मोगरीताईंना विनोद हवा आहे.

---

अनुष्टुभ_डोंबिवली

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितलेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. स्मितात गाल किंचित फुलतात, दात दिसत नाहीत. हसितात थोडे दात. पुढे आवाज येतो, मग खांदे-डोकं हलतं, डोळ्यांत पाणी, आणि अतिहसितात माणूस कुशी दाबून धरतो. पहिले दोन उत्तम माणसांचे, मधले दोन मध्यमांचे, शेवटचे दोन अधमांचे.

या उतरंडीशी मी सहमत नाही, पण निरीक्षण किती बारीक आहे बघा. आणि हास्य कशातून उपजतं त्या यादीत विपरीत वेश, असंबद्ध बोलणं, धिटाई, अधाशीपणा अशी कारणं आहेत. आजच्या कुठल्याही प्रहसनात यातली निम्मी सापडतील. निवेदकाने सहाव्या प्रकाराचा हट्ट धरू नये. दोन गाण्यांच्या मध्ये हसित मिळालं तरी कार्यक्रम वर उचलला जातो.

---

खाडीकाठ

तलावपाळीवर ज्या रंगायतनला आपण नाटकं बघतो ते ज्यांच्या नावाचं, ते राम गणेश गडकरी 'बाळकराम' या नावाने विनोदी लेखन करायचे, हे नव्या पिढीला सांगायला हवं. लोकांना फक्त त्यांची शोकांतिका आठवते. गडकरी गेले १९१९च्या जानेवारीत, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पु. ल. जन्मले.

(अवांतर: मामलेदारची मिसळ प्रयोगाआधी की नंतर?)

---

चौथी_सीट

आधी. तिखटाने डोळ्यांत पाणी आलेलं असतं, अतिहसित आपोआप.

---

मोगरी_वर्तकनगर

सगळं वाचतेय आणि वहीत उतरवतेय. आणखी एक कच्चा मसुदा: "आमचे वॉचमनकाका रात्री इतके गाढ झोपतात की गेट उघडायला हॉर्न वाजवावा लागतो, आणि त्या हॉर्नने काका सोडून अख्खी सोसायटी जागी होते."

---

ओपनमाईक_वाशी

रचना चांगली आहे, "काका सोडून" जागेवर बसलंय. पण वॉचमनकाका त्या गच्चीवर खुर्च्या लावत असणार. त्यांना उलट बोलता येणार नाही.

---

मोगरी_वर्तकनगर

ते स्वतःच हसतात हो यावर. त्यांना मी विचारलंय.

---

ओपनमाईक_वाशी

ताई, पगार देणाऱ्यासमोर कोण हसणार नाही? मी माईकवर एकच नियम पाळतो. ज्याच्यावर विनोद आहे त्याला मला परत टोला हाणता आला पाहिजे. सेक्रेटरींवर करा, पार्किंगवाल्यांवर करा.

---

पाटीपेन्सिल

मग उरणार काय? सगळ्यांना सांभाळून केलेला विनोद अळणी होतो. आपल्या तमाशातला सोंगाड्या पाटलाला, सावकाराला, समोर बसलेल्याला, कुणाला सोडत नाही.

---

विंगेतला

सोंगाड्या सोडत नाही हे खरं, पण तो स्वतः कोण असतो? बहुतेक वेळा गडी, चाकर, राजाचा शिपाई. खालून वर बोलतो म्हणून लोक त्याच्या बाजूने असतात. तेच वाक्य पाटील चाकराला बोलला तर अंगावर येईल.

---

सुरंगी

पण वॉचमनकाकांना वगळलं तर तेही त्यांना परकंच करणं झालं. सगळ्यांची नावं घ्यायची आणि त्यांचं नाही? उलट त्यांना जिंकवा:

"आपण सगळे गेटवर हॉर्न वाजवतो, वॉचमनकाकांना उठवायला. परवा काका जागे होते. गेट सताड उघडं होतं. तरी आपण वाजवला. (थांबा.) काका म्हणाले, साहेब, आता तुम्ही उठा."

---

ओपनमाईक_वाशी

सुरंगी, हे उत्तम! हॉर्न वाजवणारे सगळे समोरच बसलेले असणार, आणि शेवटचं वाक्य काकांच्या तोंडी. मोगरीताई, ते वाक्य खुद्द काकांनाच माईकवर म्हणायला सांगा, त्यांची इच्छा असेल तर.

आणि तिसऱ्या मजल्याला एक शेपूट जोडतो, याला आम्ही टॅग म्हणतो. हशा उतरतीला लागला की नव्याने काही उभं न करता त्याच मुद्द्यावर एक छोटं वाक्य:

"...तिसरा मजला. (हशा.) चांगली माणसं आहेत. पाणी विचारतात."

आणि सरावाचं: बोलताना फोनवर रेकॉर्ड करा. नंतर ऐकताना स्वतःच्या वाक्यांकडे लक्ष देऊ नका, लोक कुठे हसले ते बघा. आपल्याला जिथे हशा येईल असं वाटतं त्याच्या एक वाक्य अलीकडे किंवा पलीकडेच तो येतो. मग मधलं सगळं छाटायचं. उपजत वगैरे मला माहीत नाही. छाटून छाटूनच आमचे विनोद उभे राहतात.

---

विंगेतला

शेवटचं आणि फार महत्त्वाचं. गच्चीवर लोक कठड्याला टेकून, दुधाच्या पातेल्याजवळ, पांगून बसतात. हिरवा_खडू यांनी लिहिलं ना, माणूस माणसांत हसतो. अर्धं थिएटर रिकामं असलं की आम्ही मागच्यांना पुढे बोलवायचो. तेवढीच माणसं जवळजवळ बसली की हशा दुप्पट वाटतो. खुर्च्या कमी मांडा, सतरंज्या घाला, आणि दूध कार्यक्रमानंतर. रात्री दहाला माईक बंद करावा लागेल, त्यामुळे तुमचे विनोद शेवटासाठी राखून ठेवू नका.

---

मोगरी_वर्तकनगर

कोजागिरी झाली! थोडक्यात वृत्तांत.

सतरंज्या घातल्या. "तिसरा मजला" म्हटलं आणि थांबले. एक क्षण काहीच नाही, मग डावीकडून सुरू झालं आणि पूर्ण गच्चीभर गेलं. "पाणी विचारतात" म्हटल्यावर तिसऱ्या मजल्यावरचे एक काका उभे राहून ओरडले, "चहाचंही विचारलं होतं, तुम्ही थांबला नाहीत!" त्याला माझ्या दोन्ही वाक्यांपेक्षा मोठा हशा. वॉचमनकाकांनी माईकवर यायला नको म्हटलं, पण सतरंजीवर बसल्या जागेवरून त्यांचं वाक्य त्यांनी खणखणीत म्हटलं. टाळ्या पडल्या.

पार्किंगवरचं गेलं नाही. भाडेकरूंना तो वाद माहीतच नाही आणि मला आधी पेरायला वेळ मिळाला नाही. विंगेतला, सुरंगी, ओपनमाईक, सगळ्यांचे मनापासून आभार.

---

उपवनकाठचे_आजोबा

वा! काका उभे राहिले ना, तिथेच सगळं जमलं. पुढील लेखनास शुभेच्छा.

---

पाटीपेन्सिल

अभिनंदन ताई. रचना शिकता येते हे मान्य. पण त्या काकांचं उत्तर कुणी शिकवलेलं नव्हतं, एवढं नोंदवतो.

---

तर्कट_नेरूळ

पाटीपेन्सिल, बरोबर. पण ताईंनी टॅगनंतर जागा सोडली नसती तर काका बोलले असते का?

---

रबाळे_लोकल

उशिरा आलो, धागा वर काढतोय. मला ऐरोलीत एका सहकाऱ्याच्या निवृत्तीला बोलायचं आहे. माणूस अत्यंत शिस्तीचा, कधी हसत नाही. त्यांच्यावर विनोद करावा की नको?

---

विंगेतला

करा, पण शिस्तीवर नको, तो सगळेच करणार. त्यांची एखादी बारीक सवय शोधा जी फक्त रोज शेजारी बसणाऱ्याला माहीत असते: डबा कसा उघडतात, फाइलला दोरी कशी बांधतात. ती प्रेमाने, तपशिलाने सांगा, आणि विनोदाचा शब्द शेवटी ठेवा. त्यांच्या घरचे समोर असतील, तेच पहिले हसतील, कारण घरीही ते तसाच डबा उघडत असणार. त्यांनी हसण्याची वाट मात्र बघू नका, तुम्ही बोलत राहा. मसुदा झाला की इथे टाका, त्यांचं आणि ऑफिसचं नाव काढून.